चिंचोके पाठवते आहे

दहिवडी, जि. सातारा
आषाढ वद्य पंचमी

चि. मेघना हिस,


तुझं पत्र दादाने परवा वाचून दाखवलं. मग तो गेल्यावर मी चष्मा लावून पुन्हा एकदा वाचलं. जव्हारच्या पावसाचं वाचून आम्हा माणदेशी माणसांना हेवा वाटतो, इथे अजून विहिरीत कळशी बुडत नाही. असो. पहिली-दुसरी मिळून सत्तावीस मुलं, आवणीमुळे त्यातली निम्मी गैरहजर, साहित्याची पेटी आलेली नाही, आणि मोठे गुरुजी म्हणतात, "खेळ पुरे, आधी शंभरपर्यंत अंक पाठ करून घ्या." तू विचारतेस, पेटी येईपर्यंत काय करू?

पेटीची वाट पाहू नकोस. पेटी आली तरी हेच करायचं आहे, म्हणून आत्ताच सांगते.

आमच्या वेळी सर्व शिक्षा अभियानातून प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला पाचशे रुपये मिळायचे. पहिल्या वर्षी मी थर्मोकोल, रंगीत कागद, स्केचपेनं आणून असे काही तक्ते केले की केंद्रप्रमुखांनी चारचौघांत कौतुक केलं. मुलांचे हात लागून मळू नयेत म्हणून ते वर, पार तुळईजवळ टांगले. उरलेले कपाटात, कुलपात. वर्ष संपलं तेव्हा तक्ते नवेकोरे होते आणि दुसरीतली नऊ मुलं 'तेवीस' म्हटलं की ३२ लिहीत होती.

त्या नऊ जणांना मी बराच काळ धांदरट समजत होते. पण बघ, 'तेवीस' म्हणताना आपण तीन आधी बोलतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी. जसं ऐकलं तसं लिहिणारं पोर ३२ लिहिणारच. त्यावर एकोणतीस! नावात तीस, लिहायचे दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, तू तेव्हा कॉलेजात असशील. मराठीचा गळा घोटला म्हणून लोक ओरडले, विधिमंडळापर्यंत थट्टा गेली. समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या या नावांनी मुलं गणितालाच बिचकतात. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. नवी नावं जुन्यांच्या जागी नव्हे, सोबत शिकवायची. पण खरं सांगू का, नुसतं 'वीस तीन' म्हणूनही भागत नाही. वीस म्हणजे दोन दहा, हे हाताला लागावं लागतं.

त्यासाठी काड्या. आमच्याकडे तुरीच्या असत, तुझ्याकडे बांबू आहे. बोटभर लांबीचे तुकडे कर, टोकं घासून घे. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे आडवे काप काढलेस की फुकटचे रबर मिळतील. चार-चार मुलं गोल बसव, मध्ये काड्यांचा ढीग. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या उचलायच्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा. नऊपेक्षा जास्त सुट्या काड्या जवळ ठेवायच्या नाहीत, एवढाच नियम. ज्याचे पाच गठ्ठे आधी, तो जिंकला.

हा खेळ आठवडाभर मुरला की उलटा खेळव. प्रत्येकाकडे पाच गठ्ठे, आणि फाशात पडेल तेवढ्या काड्या परत करायच्या. पहिल्याच डावात चार पडतात आणि पोर अडतं, कारण सुटी काडी एकही नाही. ते तुझ्या तोंडाकडे बघेल. तू गप्प राहा. माझ्या वर्गात एकदा चांगली पाच मिनिटं चौघंही गठ्ठ्याकडे बघत बसली होती. शेवटी एकीने "मोडू का बाई?" म्हणत रबर ओढलं. पुढे वजाबाकीत दशक मोडायची वेळ आली तेव्हा तिला काही समजावून द्यावं लागलं नाही. 'एकक' हा शब्दही घाईने आणू नकोस. एसटीत कंडक्टर सुटे मागतो हे मुलांना ठाऊक असतं. 'सुटे' म्हणू देत, एकक मागाहून येईल.

एक बारीक गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं लागली. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे मांडायच्या म्हणजे मांडणी आणि लिहिणं जुळतं. मी मुलांच्या समोर बसून हे दाखवत होते. माझं डावं ते त्यांचं उजवं! तेव्हा मुलांच्या शेजारी बस, फरशीवर.

फरशीवर बसण्याचं आणखीही एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. खेळामुळे मुलांना शाळा आवडते, हजेरी वाढते, हे सगळे म्हणतात. खोटं नाही ते. पण मला खेळाचा खरा उपयोग झाला तो वेगळाच. माझ्याकडे एक मुलगी होती, बेरजा नेहमी एकाने चुकायच्या. ८ + ५ = १२. ६ + ३ = ८. मी लाल फुल्या मारायची, पुन्हा सोडवायला लावायची, ती पुन्हा एकानेच चुकायची. एकदा मधल्या सुट्टीत मुली सापशिडी खेळत होत्या, मी सहज जाऊन टेकले. तिची सोंगटी आठाच्या घरात होती, फाशात पाच पडले. तिने आठाच्याच घरावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "एक". मग नऊवर "दोन", दहावर "तीन", आणि पोचली बारावर. बेरजेतही ती हेच करत होती, आठापासून मोजायला सुरुवात! तिच्या हिशेबाने तिचं सगळं बरोबर होतं. पाटीवर मला नुसतं उत्तर दिसत होतं, तिचं बोट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खडूने फरशीवर घरं आखली आणि तिला उड्या मारायला सांगितल्या. घर मोजायचं नाही, उडी मोजायची. आठात उभी राहून तिने पहिली उडी नवात मारली, "एक" म्हणाली, आणि थांबली. मागे वळून आठाकडे बघितलं. तो चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून सांगते, मुलं खेळत असताना हजेरीपट भरायला बसू नकोस. त्या मोबाइलवर मागवलेल्या माहितीलाही तासभर थांबू दे, ती काही आवणीला जात नाही. एका दिवशी एकाच गटाजवळ बस आणि हातांकडे बघ. कोण प्रत्येक वेळी एकपासून मोजतो, कोण बोटं मांडीखाली लपवतो, कोण शेजारच्याच्या काड्या बघून आपल्या उचलतो. रात्री दोन ओळी वहीत लिहून ठेव. पाठ टाचणापेक्षा ती वही जास्त कामाला येईल, पण तपासणीला मात्र टाचणच लागतं, तेही लिही बाई.

चिंचोक्यांचं सांगायचं राहिलंच. चिंचोका दगडावर एका बाजूने घासला की ती बाजू पांढरी पडते. असे पाच चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. आमच्या आजीचा पटाचा फासा हाच. तीन पांढरे, दोन काळे. पुढच्या वेळी चार आणि एक. पाच कसकसे फुटतात हे पहिलीतलं पोर पंधरा दिवसांत न मोजता सांगायला लागतं. मग काळे तळव्याखाली झाक आणि विचार, "लपलेत किती?" उत्तर बरोबर की चूक हे तू सांगूच नकोस. हात उचलायचा आणि त्याचं त्यानेच बघायचं. सागरगोट्यांतही हेच. एक हवेत, चार खाली, ते आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एका झपाट्यात. मुली पिढ्यान्पिढ्या चाराची फोड करत आल्या, आपण त्याला रिकामटेकडेपणा म्हणत आलो.

तुझ्या मुलांचे असे खेळ कोणते, ते त्यांनाच विचार. नावंही त्यांचीच वापर. घरी वारली बोलणाऱ्या पोरांना माझे माणदेशी शब्द कशाला शिकवायचे? आधी त्यांच्याकडून तू शीक, त्यात त्यांना गणिताहून जास्त मजा येईल.

बिया गोळा करताना मात्र जपून. गुंजा दिसायला देखण्या, लाल नि काळ्या, पण विषारी असतात, त्या वर्गात आणायच्या नाहीत म्हणजे नाहीत. हरभरा, वाल पहिलीच्या वर्गात नको. पोरं नाकात घालतात आणि ओलाव्याने दाणा आत फुगतो. एकदा मला अशा पोराला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत पळावं लागलं आहे. चिंचोके देताना मोजून द्यायचे, घेताना मोजून घ्यायचे. ते काम दोन मुलांकडे सोपव, तीही मोजणीच.

ज्या खेळात हरलेला बाद होऊन भिंतीशी बसतो, ते वर्गात खेळवू नकोस. संगीत खुर्ची शनिवारी मैदानावर ठीक आहे. अंकांच्या खेळात पहिल्यांदा बाद होतं ते नेमकं ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज आहे ते पोर, आणि उरलेला तास ते बघत बसतं. दोन मोठ्या संघांची चढाओढही मला कधी मानवली नाही. दोन हुशार ओरडतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. फाशाचा खेळ त्यातल्या त्यात बरा, फासा कुणाचा नंबर बघून पडत नाही.

आणि काड्या कायमच्या नाहीत. तिसरीतही काड्यांशिवाय पान न हलणारी मुलं मी केली आहेत, तो दोष माझा. आठ काड्या मुलांसमोर मोजून पिशवीत टाक, मग आणखी पाच टाक आणि विचार किती झाल्या. आतल्या दिसत नाहीत, त्यामुळे एकपासून मोजता येत नाही, आठाच्या पुढेच जावं लागतं. काही दिवसांनी पिशवीही नको, नुसतं बोलायचं.

मोठ्या गुरुजींशी वाद घालू नकोस. त्यांच्या हाताखाली तुझी अजून शिक्षणसेवकाची वर्षं जायची आहेत, आणि वर्गात गोंगाट ऐकून कुणालाही वाटणारच की शिकवणं बंद आहे. त्यांना एखाद्या दिवशी डावात घे. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' वाचलं आहेस का? मराठीत मिळतं. त्यातल्या शिक्षकाचा पहिलाच दिवस फसतो. तो वर्गात शांततेचा खेळ घेऊ जातो आणि पोरं नुसता धुडगूस घालतात. तू लिहिलंस ना, सोमवारी सगळ्या काड्या तलवारी झाल्या म्हणून, तेव्हा मला तेच आठवून हसू आलं. चार दिवस तलवारी होऊ देत. नव्या वस्तूशी आधी मनासारखं खेळून झाल्याशिवाय मूल तुझा नियम ऐकत नाही.

त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे तुझ्याच भागात आल्या. १९४५ साली बोर्डीत त्यांनी केंद्र काढलं, मग कोसबादच्या टेकडीवर गेल्या, सोबत अनुताई वाघ. माँटेसोरीची साधनं उत्तम, पण महागडी. या दोघींनी शंखशिंपले, बिया, पानं, दगड, माती यांतून आपली साधनं उभी केली. शाळेत न येणाऱ्या गुराखी पोरांसाठी शाळा कुरणात नेली. कोसबाद तुझ्या जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यात आहे. पाऊस उघडला की एका रविवारी जाऊन ये, आल्यावर लिही.

गणपतीला येशील तेव्हा अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची करामत दाखवीन. त्रिकोण दाबून मोडत नाही, चौकोन लगेच कलंडतो, एवढ्यावर माझी चौथी दोन दिवस भांडत होती.

दादाबरोबर एक पुडी पाठवते आहे. चाळीस चिंचोके आहेत, सगळे मी घासलेत, ओटीवर बसून, त्यामुळे बोटांची सालं निघाली आहेत. तुझ्या पत्रातला तो खिडकीपाशी बसणारा मुलगा, ज्याच्या बेरजा 'कशाही' येतात म्हणतेस, त्याला एकदा सापशिडीला बसव. नवाच्या घरातून चार पडले की त्याचं पहिलं बोट कुठे टेकतं ते बघ, आणि मला कळव.

तुझी,
आत्या