पंचवटीतला वाडा की वरच्या मजल्यावरचा फ्लॅट

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या की गंगापूर रोडच्या इमारतीतला शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, असा पेच पडल्याचं ताईकडून कळलं. भाडं, पार्किंग, पाण्याच्या वेळा हे तू विचारलं असशीलच. घर कधी दगा देईल, हवा कशी खेळते आणि वीज किती खातं, हे मालक आपणहून सांगत नाही. बघतानाही आधी जीव, मग हवा, बिल शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

गोदाकाठच्या वाड्यात पहिला प्रश्न पुराचा. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला की छातीला. 2008 च्या सप्टेंबरात आणि 2016 च्या ऑगस्टात या वाड्याच्या ओट्यावर किती पाणी होतं, ते समोरच्या दुकानदाराला विचार. घर निळ्या पूररेषेत येतं की लाल, ते महापालिकेच्या नगररचना विभागात कळेल. मग जिन्याखालचं मीटर बघ. ओट्यावर पाणी चढताच ते बुडणार असेल, तर पुढचं बघायचं कारणच नाही.

नंतर लाकूड. कडीपाटाची तुळई कुजते ती भिंतीत शिरते तिथे, कारण मातीची भिंत पावसाळाभर ओल धरून ठेवते. त्या टोकाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर लाकूड आतून गेलंय. 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार बंधनकारक आहे, तेव्हा अहवाल माग. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. ‘ती काय, दरवर्षीच येते’ हे उत्तर ऐकून घेऊ नकोस.

बोर्डावर एमसीबी दिसले की लोक निर्धास्त होतात. एमसीबी वायर वाचवतो. माणसाला वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला सगळे ईएलसीबीच म्हणतात. त्यावरचं ‘टी’चं बटण वीज चालू असताना दाब. खटका पडला नाही, तर तो नुसता शोभेचा.

सगळ्यात धास्ती बाथरूममधल्या गॅस गिझरची. नाशिकची थंडी कडक, त्यात झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही, वासही नाही. चक्कर येईतो उशीर झालेला असतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नकोस.

हवेचं म्हणशील, तर केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांत नाशिकचं नाव आहेच. पण घरातली फोडणी, उदबत्ती आणि भिंतीची बुरशी आपल्या हातातली. उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध धर. वाड्यात धूर चौकाकडे ओढला जातो, कारण तिथली तापलेली हवा वर जाते. फ्लॅटमध्ये तो सरळ वर चढत राहिला, तर समोरासमोर खिडक्या नाहीत असं समज. अमेरिकेत घर घेताना रेडॉन वायू तपासतात. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम मुळात कमी, ती काळजी सोड.

आता फ्लॅटचं ऊन. नाशिक 20 अंश अक्षांशावर, त्यामुळे मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सगळा मार स्लॅबला बसतो. रात्री नऊला स्टुलावर चढून छताला तळवा लाव. छत तेव्हाही गरम असेल, तर पाच स्टारचा एसी घेण्याआधी गच्चीला पांढरा लेप किंवा तुटक्या पांढऱ्या टाइलचं चायना मोझेक हवं. उघड्या स्लॅबखाली एसी म्हणजे महावितरणला देणगी. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तिशीच्या आसपास. रोज बारा तास चालला तर पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात, आणि 100 युनिटनंतरचा दर चढा असल्याने ते जाणवतं.

मालकाकडून वीजबिलं घे. जानेवारी आणि मेचा वापर शेजारी ठेव. मेचा आकडा दुपटीहून मोठा असेल आणि मालक लेपाला राजी नसेल, तर भाडं त्या हिशेबाने उतरवून माग. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा