लुटुपुटूची लढाई

गोदावरीच्या दक्षिण तीरावर, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, राक्षसभुवन नावाचे गाव आहे. शनीच्या दर्शनासाठी तेथे दूरदूरचे लोक येतात. अंबाजोगाईच्या एका शाळेतील मुले मात्र तेथे निघाली होती ती रणांगण पाहण्यासाठी. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई अशी गावे मागे टाकीत गाडी चालली होती. मुलांनी लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याच्या ढाली बरोबर घेतल्या होत्या. कारण जेथे खरी लढाई झाली, तेथेच ती पुन्हा खेळून पाहण्याचे गुरुजींनी कबूल केले होते.

वाळवंटात उतरताच मुलांचा विरस झाला. ना तट, ना बुरूज, ना तोफ! समोर संथ वाहणारे पाणी आणि पैलतीरी जालना जिल्ह्यातील शेते.

“हीच का ती नदी?” एका मुलीने विचारले.

“नदी हीच,” गुरुजी म्हणाले, “पण तो महिना श्रावणातला होता. १० ऑगस्ट १७६३ चा दिवस. गोदावरी दुथडी भरली होती. आज वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्या वेळी पाणी अडविणारे काहीच नव्हते. बेल्जियममध्ये वॉटर्लू येथे १८१५ साली नेपोलियनचा पराभव झाला. तेथे स्मारकाचा उंच ढिगारा रचण्यासाठी रणभूमीवरचीच माती खणून नेली आणि लढाईच्या वेळचा उंचवटाच सपाट झाला! तरीही २०१५ साली हजारो हौशी लोकांनी जुने पोशाख चढवून तेथे ती लढाई पुन्हा उभी केली. आपल्याला तर नुसता पूर आणायचा आहे.”

असे म्हणून त्यांनी वाळूवर फक्कीच्या दोन लांब रेषा ओढल्या. हा गोदावरीचा पूर. त्यात ज्याचा पाय पडेल तो बुडाला. नाव एकच, एका खेपेस दोघांनीच जायचे.

आता सोंगे वाटायची होती. माधवराव पेशवा होण्यास सगळेच तयार! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर यांची चिठ्ठी ज्याला आली, तो मुलगा हिरमुसला. “मला हरणाऱ्यांत का घातले?” तो पुटपुटला.

गुरुजींनी ते ऐकले, पण काही न बोलता ते हकीकत सांगू लागले. पानिपताला अवघी अडीच वर्षे झाली होती. निजाम अलीने त्याच वर्षी पुण्यावर चाल करून शहराची लूट व जाळपोळ केली होती. नागपूरकर जानोजी भोसले प्रथम त्याला मिळाले होते. पेशव्यांनी त्यांना आपल्याकडे वळविले. निजाम औरंगाबादेकडे परतू लागला आणि वाटेत गोदावरी आडवी आली. तो स्वतः काही फौजेसह पार झाला. उरलेली फौज घेऊन दिवाण अलीकडच्या तीरावर राहिले. मराठी मुलखातीलच हा ब्राह्मण. पण चाकरी निजामाची आणि पाठीशी पूर.

खेळ सुरू झाला. रघुनाथरावाचे सोंग घेतलेली मुलगी आवेशाने पुढे घुसली आणि चहूबाजूंनी वेढली गेली. मागे राखीव तुकडीसह उभा असलेला माधवराव गुरुजींकडे पाहू लागला.

“मागच्याच वर्षी या चुलत्याने पुतण्यावर फौज नेली आणि सारा कारभार आपल्या हाती घेतला,” गुरुजी म्हणाले. “पेशवा अठरा वर्षांचा आहे. बोल, काय करतोस?”

मुलगा क्षणभर घुटमळला, मग ओरडत धावला. वेढा फुटला. दिवाणांचे सैनिक मागे हटू लागले आणि एकामागून एक रेषेवर पाय देऊन ‘बुडाले’. पलीकडे निजाम झालेला मुलगा “इकडे या, इकडे या!” म्हणून घसा कोरडा करीत होता, त्याला त्यांच्यापाशी येता येत नव्हते. दिवाण पडले. खऱ्या लढाईतही विठ्ठल सुंदर येथेच मारले गेले. निजामाला तह करून मोठा मुलूख सोडावा लागला आणि कारभाराची सूत्रे हळूहळू माधवरावांच्या हाती आली. तथापि हा भाग पुढे निजामाच्याच राज्यात राहिला. अंबाजोगाई व बीड १९४८ सालच्या सप्टेंबरात मोकळी झाली.

वाळूत पडलेला दिवाण अंग झाडीत उठला. “गुरुजी, आणखी एक डाव! या वेळी मी आधीच सगळ्यांना पार करीन.”

दुसरा डाव मांडला. दिवाणाने आपल्या माणसांची रांग लावली. दोघे गेले, नाव परतली, पुन्हा दोघे गेले. लहान मुलांना त्याने पुढे काढले. मराठ्यांची आरोळी उठली, तेव्हा अलीकडे चारजण उरले होते. नाव काठाला लागलेली होती.

“चला ना, दिवाणजी!” पलीकडून निजाम ओरडला.

दिवाणाने दोघांना नावेत ढकलले, उरलेल्या एकाचा हात धरला आणि पूर पाठीशी घेऊन ढाल पुढे केली.