पीळ, पदर आणि टाका

विणकामाच्या तासास एखाद्या विद्यार्थ्याची पट्टी एका बाजूस कलते. टाके मोजावेत तर बरोबर भरतात, हातही सारखा चाललेला असतो. तरी 'हात वाकडा' असा शेरा त्याच्या पदरी पडतो. पुष्कळदा दोष हाताचा नसून धाग्याचा असतो. म्हणून शेरा देण्यापूर्वी शिक्षकाने धागा तपासावा.

जव्हार-मोखाड्याकडील ज्या घरांत अंबाडीच्या वाखाची दोरी वळतात, तेथील मुलांस या विषयाचे मूळ परिचित असते. दोन्ही पदरांस एका दिशेने पीळ देऊन ते एकमेकांभोवती उलट दिशेने वळले जातात. एक पीळ सुटू पाहतो, दुसरा त्यास धरून ठेवतो. म्हणून दोरी उलगडत नाही. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' या म्हणीपासून पाठाचा आरंभ करावा.

प्रयोग पहिला : टकळीवर काढलेले एकपदरी सूत हातभर घेऊन त्याची दोन्ही टोके जवळ आणावीत. मधला भाग आपोआप गुरफटतो, कारण सुतात पीळ शिल्लक असतो. नंतर अशा दोन सुतांचे पदर जुळवून टकळी उलट फिरवावी. उलट पीळ बेताचा बसला की सूत न गुरफटता स्थिर लोंबते.

प्रयोग दुसरा : दोन्ही सुतांच्या २० टाक्यांच्या पट्ट्या एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणाव्यात. एकपदरी सुताची पट्टी कलते. शिल्लक पीळ प्रत्येक टाक्यास एकाच बाजूस वळवितो. पिळाची दिशा बदलल्यास कलही बदलतो. प्रत्येक ओळ सुलटच विणली, तर एका ओळीचा कल पुढील ओळ फेडते व पट्टी सरळ राहते.

पदरांचा परिणाम : दुपदरी धाग्याचे पदर शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे टाका किंचित पसरतो, जाळीच्या विणीस तो बरा. तिपदरी किंवा चौपदरी धागा गोल असल्याने टाका भरीव व उठावदार दिसतो. वेणीच्या नक्षीस तो योग्य. सैल पिळाचा धागा मऊ, परंतु त्याचे तंतू वर येऊन नक्षी पुसट होते. घट्ट पिळाचा धागा हातास कडक लागतो, पण टाका स्पष्ट दिसतो.

विद्यार्थ्यांनी वहीत प्रत्येक पट्टीशेजारी धाग्याचा तुकडा चिकटवून पदर व पीळ यांची नोंद करावी. गुण देताना शिक्षकाने ती नोंद प्रथम वाचावी. म्हणजे धाग्याचा दोष मुलाच्या माथी बसणार नाही.