पाठ 12 : आधी कारखाना, मग शहर

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतात. त्यांनी खाडीकाठचं रिचमंड पाहिलं असेल. तिथे मोठमोठ्या गोल टाक्या दिसतात ना, तो शेवरॉन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना. सगळे त्याला रिफायनरी म्हणतात, आपणही तसंच म्हणू. रिफायनरी 1902 साली सुरू झाली आणि रिचमंड रीतसर शहर झालं 1905 साली. म्हणजे बघा, कारखाना आधी आणि शहर मागून!

त्यामुळे तिथे 'रिफायनरी नको' म्हणणं सोपं नाही. कुणाचे वडील तिथे कामाला, कुणाचे आजोबा तिथूनच निवृत्त झालेले. पगार चांगला. शहराला करही मोठा मिळतो. ज्याच्या घराचं भाडं रिफायनरीच्या पगारातून जातं, त्याला हवामानबदलाचा धडा वाचून दाखवला तर तो काय म्हणेल?

6 ऑगस्ट 2012 रोजी रिफायनरीतला एक गंजून पातळ झालेला पाइप फुटला आणि आग लागली. आकाशात काळा धूर पसरला. लोकांना दारं-खिडक्या लावून घरातच थांबायला सांगितलं. नंतरच्या काही दिवसांत सुमारे 15,000 लोक दवाखान्यांत गेले, बरेचसे श्वासाच्या त्रासाने. लोक चिडले. 2014 च्या शहर निवडणुकीत कंपनीने जवळजवळ 30 लाख डॉलर खर्च केले, तरी तिच्या पाठिंब्याचे उमेदवार हरले.

पण रागावर कुणाचं घर चालत नाही. काम हवंच.

त्याची सुरुवात आगीच्या आधीच झाली होती. 2007 मध्ये शहराने 'रिचमंडबिल्ड' नावाचा प्रशिक्षणवर्ग काढला. बेकार तरुण, तुरुंगातून सुटून आलेली माणसं, अशांना तिथे बांधकाम आणि छतावर सौर पॅनेल बसवायचं काम फुकट शिकवायला लागले. मला वाटतं, लोकांचा पाठिंबा असाच मिळतो. सभेतलं भाषण आपण विसरतो, पण शेजारचा मुलगा हेल्मेट घालून छतावर काम करताना दिसला, की ते लक्षात राहतं.

पुढे तर गंमतच झाली. रिफायनरीच्याच 60 एकर पडीक जमिनीवर साडेदहा मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. निम्मे कामगार स्थानिकच हवेत अशी अट होती आणि प्रशिक्षणवर्गातून शिकलेल्यांना तिथे काम मिळालं.

एक अडचण मात्र आहे हं. पॅनेल बसवून झाली की ते काम संपतं. रिफायनरी रोज चालते. म्हणून पुढचं काम कुठून येणार, असं जुना कामगार विचारतो तेव्हा त्याचं काही चुकत नाही. 2024 मध्ये शहर रिफायनरीवर नवा कर बसवण्यासाठी मतदान घेणार होतं. त्याआधीच कंपनीने 10 वर्षांत 55 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ते पैसे कशावर खर्च करायचे, हे आता रिचमंडकरांनी ठरवायचं आहे.

शब्दार्थ
रीतसर – नियमाप्रमाणे
पडीक – वापरात नसलेली (जमीन)
अट – आधी ठरवलेली, पाळावीच लागणारी गोष्ट

सांगा पाहू
1. 'रागावर घर चालत नाही' म्हणजे काय?
2. जुन्या कामगाराच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? पाच वाक्यं लिहा.
3. कोकणात नाणार आणि बारसूला रिफायनरीवरून वाद झाला. आजी-आजोबांना फोन करून त्याबद्दल विचारा आणि पुढच्या तासाला वर्गात सांगा.