बर्फाची दरड

मुलांनो, ईस्टरच्या सुटीत तुमच्यापैकी काहीजण आई-बाबांबरोबर स्कॉटलंडला जातील. लेस्टरमध्ये तेव्हा डॅफोडिल फुललेले असतात, पण केर्नगॉर्म आणि ग्लेन्कोच्या डोंगरांवर एप्रिलमध्येही बर्फ असू शकतो. म्हणून आजचा शब्द 'हिमस्खलन'. शब्द जरा पुस्तकी आहे. आपल्या सह्याद्रीत कोसळते ती दरड. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर पावसाने डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. हिमस्खलन म्हणजे बर्फाची दरडच.

इंग्लंडमध्ये असे कुठे होते, असे म्हणाल. ससेक्समधल्या लुईस गावात झाले होते. १८३६ च्या नाताळात तिथे वादळी बर्फ पडला. वाऱ्याने तो टेकडीच्या माथ्यावर छज्जासारखा रचून ठेवला. आदल्या दिवशी थोडा बर्फ खालच्या लाकडाच्या वखारीवर कोसळला, तेव्हा पायथ्याच्या लोकांना घरे सोडायला सांगितले होते. त्यांनी सोडली नाहीत. २७ डिसेंबरला सकाळी सगळा छज्जा खाली आला. पंधरा जण गाडले गेले, त्यांतले आठ दगावले. त्या जागी आज 'स्नोड्रॉप इन' नावाचे पब आहे. नाव गोड वाटते, पण ते फुलावरून पडलेले नाही!

वसंत ऋतूत वेगळीच गंमत होते, खरे तर धोका. दुपारच्या उन्हाने किंवा पावसाने बर्फ वितळतो, पाणी थरांत मुरते आणि थरांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री गोठलेला बर्फ पहाटे घट्ट असतो. म्हणून जाणते गिर्यारोहक अंधारात निघतात आणि ऊन चढायच्या आत उतार सोडतात. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत फसवा. कंपासपेटीतला कोनमापक काढून तो किती होतो ते बघाच. पुष्कळदा दरड सुटते ती त्यावर चालणाऱ्याच्याच वजनाने.

पालकांसाठी : 'स्कॉटिश अॅव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस' हिवाळ्यात रोज अंदाज देते, धोक्याच्या पायऱ्या पाच. हे अंदाज साधारण एप्रिलच्या मध्यावर थांबतात. बर्फ मात्र तारीख पाहून थांबत नाही. गाडलेल्या माणसाला वाचवायला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात, त्यामुळे मदत बाहेरून येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. फावडे, शोधकाठी आणि संदेशयंत्र सोबतच्या प्रत्येकाकडे हवे आणि वापरताही यायला हवे.

शब्दार्थ : दरड – डोंगराचा सुटून कोसळणारा भाग. वखार – माल साठवण्याची जागा. दगावणे – मरण पावणे.

गृहपाठ : सांगूनही लुईसच्या लोकांनी घरे का सोडली नसतील? आजी-आजोबांशी बोलून पाच ओळी लिहा.