नोकरी न सोडता मध्यस्थी शिकायची तर

छावणी, छत्रपती संभाजीनगर

चि. ताईस,


वाळूजच्या कारखान्यात एचआर सांभाळता सांभाळता मध्यस्थीचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तुझ्या मनात आहे. जरूर घे, पण नोकरी सोडू नकोस. ज्या भांडणांचा अभ्यास करायचा, ती रोज तुझ्याच टेबलावर येतात.

आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा जमवायचा. कुणाचा आकडा चारचौघांत फुटत नसे, त्यामुळे मागे सरकायला लाज वाटत नसे. मध्यस्थ प्रत्येक बाजूला वेगळं भेटतो तेही यासाठीच. मात्र दलालाला सौदा झाला तरच पैसे मिळतात. मध्यस्थाने तडजोडीचा असा हट्ट धरला की त्याच्यावरचा विश्वास उडतो.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या रखडणारे बांधाचे, वाटणीचे वाद गावातच मिटावेत, हा हेतू मोलाचाच. पण तंटामुक्त गावाला रोख पुरस्कार होता, आणि बक्षीस दिसू लागलं की मिटवायची घाई होते. 'जाऊ दे, जुळवून घे' हे मग कुणाला ऐकवलं जातं? बहुधा सुनेला, नाहीतर भूमिहीनाला.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं दहावं कलम म्हणूनच नीट वाच. तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच समेट, आणि तोही पैशांच्या आधारावर नाही. दोन सुपरवायझरांच्या भांडणात तू खुशाल मध्ये बस. कंपनी आणि कामगार यांच्या वादात मात्र तू पगारी बाजू आहेस; तिथे मध्यस्थ बाहेरचाच हवा.

या कामाला पुढे मागणी आहे. तीन लाख आणि त्यावरच्या व्यापारी दाव्यांत, तातडीची दाद मागायची नसेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते. ती सक्तीचीच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये 'पाटील ऑटोमेशन' प्रकरणात ठरवलं. वाळूजमधल्या पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांचे कितीतरी वाद यात बसतील. २०२३ चा मध्यस्थी कायदाही आला; त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

इग्नूचं 'गांधी आणि शांतता अभ्यास' हे एम. ए. दूरशिक्षणाने होतं, कुठल्याही पदवीधराला चालतं, आणि त्यात संघर्ष निराकरणाचा पेपर आहे. पण नुसत्या पदवीवर कोर्टाच्या पॅनेलवर नाव लागत नाही. त्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या समितीने आखलेलं चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं, ते वेगळं. कांचनवाडीचं विधी विद्यापीठ तर जवळच आहे. नोकरदारांना जमेल असं काही तिथे आहे का, ते समक्ष जाऊन विचार. कुठेही प्रवेश घेण्याआधी एक चौकशी कर: खोटा वाद उभा करून विद्यार्थ्यांना मध्यस्थाच्या खुर्चीत किती तास बसवतात, आणि त्यांच्या चुका दाखवायला समोर कोण असतं? उत्तर 'व्याख्यानं भरपूर आहेत' असं आलं, तर फी भरू नकोस.

तुझा,
मामा