दातातला किडा

मुलांनो, दाढ दुखू लागली की घरातली माणसे म्हणतात, "दांत में कीडा लग गया." मराठीतही आपण 'दात किडला' असेच म्हणतो. दोन्ही भाषा किड्यालाच दोष देतात. पण हा किडा तुम्ही कधी पाहिला आहे का? नाही ना? कारण दातात किडा नसतोच. मग दात पोखरतो कोण?

आपल्या तोंडात असंख्य जंतू राहतात. दातांवर जो चिकट थर साचतो, त्यात त्यांची वस्ती असते. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा, म्हणजे तो थर जाणवेल. आपण गोड खाल्ले की हे जंतूही ते खातात आणि त्यापासून आम्ल तयार करतात. दाताच्या वरच्या आवरणाला एनॅमल म्हणतात. ते हाडापेक्षाही कठीण असते. पण आम्लापुढे तेही झिजते.

एक प्रयोग करा. अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाका. त्यावर बुडबुडे येतील आणि हळूहळू कवच मऊ पडेल. कवच आणि दात अगदी सारखे नाहीत. पण दोघांतही कॅल्शियम असते आणि आम्ल दोघांनाही झिजवते.

यावर उपायही तोंडातच आहे. तो म्हणजे लाळ. गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास आम्लाचा जोर राहतो. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि दाताची झीज थोडी थोडी भरून काढते. मात्र त्यासाठी तिला वेळ मिळाला पाहिजे.

जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीच्या काठी भडगाव हे तालुक्याचे गाव आहे. समजा, तिथल्या एका मुलाजवळ चार गोळ्या आहेत. जेवण झाल्याबरोबर त्याने चारही खाल्ल्या, तर दातांवर एकदाच हल्ला होतो. पण एक शाळेत जाताना, एक मधल्या सुट्टीत, एक घरी परतताना आणि एक झोपताना खाल्ली, तर चार वेळा हल्ला होतो. गोळ्या तेवढ्याच, नुकसान मात्र अधिक! म्हणून गोड किती खाल्ले, याबरोबरच किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे आहे. चहात बुडवलेले बिस्किट व टोस्टही दातांच्या फटीत चिकटून बसतात.

मग जळगावची प्रसिद्ध केळी खायची नाहीत का? जरूर खा. फळे, दूध, शेंगदाणे, गाजर, काकडी, ज्वारी-बाजरीची भाकरी हा चांगला आहार आहे. खाल्ल्यावर चूळ भरा. वुजू करताना तुम्ही 'कुल्ली' करता, तीच मराठीतली चूळ.

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे दात घासा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे कधीही चुकवू नका. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. आपल्याकडे मिस्वाकची जुनी व चांगली परंपरा आहे. मिस्वाक जरूर करा. पण रात्री ब्रशही फिरवा. कोळसा, राख किंवा विटेची पूड वापरू नका. त्यांनी एनॅमल घासले जाते. मशेरी तर तंबाखूच आहे. तिने दात साफ होत नाहीत. उलट हिरड्या खराब होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. घरात कोणी मशेरी लावत असेल, तर त्यांना हे प्रेमाने समजावून सांगा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. पुष्कळ घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात. "पडेल आणि नवी येईल," असे म्हणून ती किडली तरी कोणी लक्ष देत नाही. पण ती गेली, की पुन्हा येत नाही. दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात येते. ती आयुष्यभर टिकवायची आहे. कीड सुरू होते तेव्हा दात दुखत नाही. फक्त पांढुरका डाग दिसतो. पुढे काळा खड्डा पडतो. तो आपोआप भरत नाही. म्हणून दुखण्याची वाट न पाहता दातांच्या डॉक्टरांना दाखवा. शाळेत आरोग्य तपासणी होईल, तेव्हा तोंड नीट उघडून सगळ्या दाढा दाखवा.

भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात सुरू केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्यासारख्यांच्या कष्टांमुळे आज दात वाचवणारे डॉक्टर आपल्या देशात तयार होतात. पण रोज रात्री तुमच्या हातात ब्रश कोण देणार? ते काम तुमचेच आहे.

शब्दार्थ
आम्ल – तेजाब
लाळ – लुआब
झीज – घिसाई
चूळ भरणे – कुल्ली करणे
हिरडी – मसूडा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दातांवरच्या चिकट थरात कोणाची वस्ती असते?
(आ) दुसरी कायमची दाढ कोणत्या वयात येते?
२. कारणे लिहा.
(अ) रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत.
(आ) चार गोळ्या चार वेळा खाणे अधिक वाईट.
३. कालच्या दिवसात तुम्ही किती वेळा गोड खाल्ले, ते वेळेसह लिहा. त्यातले काय कमी करता येईल, ते वर्गात सांगा.